मागून येणाऱ्यासाठी दोन ओळी



आपल्या वसईला खाडीवर रेल्वेचा पूल आहे, मोटारींचा नाही. नायगाव आणि भाईंदर समोरासमोर आहेत. लोकल गाडी काही मिनिटांत पलीकडे जाते. मोटारीने जायचे झाले तर मात्र पूर्वेला महामार्ग गाठायचा, चिंचोटी, मालजीपाडा, ससूनवघर करत वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडायची आणि मग काशिमिऱ्याला उतरायचे. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, तिचा काही जणांना उपयोग होतो. पण एका बोटीत वाहने मावून मावून किती मावणार? बाकी सगळ्यांना वाट एकच. त्याच वाटेने गुजरातचे ट्रक येतात, घोडबंदरच्या बाजूने न्हावाशेव्याचे कंटेनर येतात, आणि त्यातच आपले टेम्पो, शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका. एक टँकर आडवा झाला की दोन्ही बाजू बंद.

अशा ठिकाणी ‘पुढे काय आहे’ हे वेळेवर कळण्याला मोठी किंमत आहे. चिंचोटी फाट्याच्या अलीकडे कळले तर माणूस कामणमार्गे भिवंडीकडे वळू शकतो. घरून निघण्यापूर्वी कळले तर गाडी स्टेशनजवळ ठेवून लोकल पकडू शकतो. फाटा ओलांडल्यावर कळले तर त्याचा काही उपयोग नाही. मग दुभाजकाकडे बघत बसायचे आणि घरी फोन करायचा, “जेवून घ्या, माझी वाट पाहू नका.”

आपल्या धर्मग्रामातील काही चालक मंडळींनी एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर रस्त्याची खबर द्यायला सुरुवात केली आहे. त्यात टेम्पोवाले आहेत, रोज ठाणे-अंधेरीला मोटारीने जाणारे आहेत, फुलांचा आणि भाजीचा माल पहाटे पोहोचवणारे आहेत. मला ही गोष्ट मनापासून आवडली आणि मी दोन वेळा मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये तिचा उल्लेख केला. त्यावर एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थांनी विचारले, “फादर, वेदीजवळून ट्रॅफिक कशाला? ते पोलिसांचे काम.” प्रश्न रास्त आहे. रस्त्याची खबर देणे ही निव्वळ सोय आहे की त्यात काही नैतिक कर्तव्य आहे, याचा थोडा शांतपणे विचार करावा म्हणून हे लिहीत आहे.

ही गोष्ट काही मोबाईलने जन्माला घातलेली नाही. समोरून येणारा ट्रकवाला दिवा उघडझाप करून पुढच्या धोक्याची सूचना देतो, ढाब्यावर चहा पिताना एक चालक दुसऱ्याला रस्ता कसा आहे म्हणून विचारतो. २६ जुलै २००५ आठवून पाहा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, फोन बंद. लाखो माणसे पायी घराकडे निघाली. त्या रात्री लोकांना वाचवले ते एकमेकांच्या शब्दाने. पुढून परत येणारा माणूस मागच्याला सांगत होता, “इकडून जाऊ नका, पाणी छातीपर्यंत आहे,” “त्या भिंतीला धरून चला, मध्ये गटार उघडे आहे.” सांगणारा कोण, कुठला, कोणत्या धर्माचा हे कोणी विचारले नाही. ज्यांना असे सांगणारे कोणी भेटले नाही, त्यांच्यापैकी काही जण आपल्याच बंद मोटारीत गुदमरून गेले.

आता यातील एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. रस्त्याची खबर ज्याच्याजवळ असते, त्याला तिचा काहीच उपयोग नसतो. तो त्या जागेपर्यंत पोहोचलेला असतो, किंवा ती ओलांडून पुढे गेलेला असतो. कोंडीत अडकून तासभर घालवला, घाम गाळला, शेवटी सुटलो. आता ही माहिती उपयोगी आहे ती फक्त मागून येणाऱ्याला, आणि त्याला बहुधा मी ओळखतही नाही. तो मला परतफेड करणार नाही. उद्या त्याच्या जागी मी असेन हे खरे, पण तेव्हा मला सांगणारा हाच असेल असेही नाही. आपल्या व्यवहारात अशा गोष्टी फार थोड्या आहेत. मदत करताना आपण बहुतेक वेळा मनातल्या मनात हिशेब मांडतो. लग्नातल्या आहेराची सुद्धा वही ठेवतो! इथे हिशेबाला जागाच नाही.

संत ऑगस्टीन यांनी ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ या आपल्या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला असा विचार मांडला आहे की, जी गोष्ट दिल्याने कमी होत नाही, ती ज्याने स्वतःजवळच ठेवली त्याने ती नीट मिळवलीच नाही. दाखला म्हणून ते प्रभूने मोडलेल्या भाकरींची आठवण देतात. वाटायला लागल्यावर त्या वाढल्या. ऑगस्टीन यांच्या मनात देवाच्या वचनाचे ज्ञान होते, घोडबंदरचा खोळंबा नव्हता, हे उघड आहे. पण तत्त्व लागू पडते. पैसा दिला तर माझ्या खिशातला कमी होतो. वेळ दिला तर माझा वेळ जातो. ‘ससूनवघरजवळ ट्रेलर बंद पडला आहे, एकच लेन चालू, वेळ ६.४०’ ही ओळ शंभर जणांना दिली तरी माझ्याजवळचे काय गेले? अशी गोष्ट आळसामुळे न देणे हे मोठे पाप आहे असे मी म्हणणार नाही. पण संधी सहज हातात असताना शेजाऱ्याचे भले न करणे याला आपल्या परंपरेत एक नाव आहे. प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण कबुली देतो ती केलेल्या पापांची आणि केलेल्या हयगयीचीही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला सर्वांना पाठ आहे, इतका की त्यातला रस्ता आपल्या लक्षात येत नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी ती वाट साधारण सत्तावीस किलोमीटरची, आणि तेवढ्या अंतरात हजार मीटरहून अधिक उतार. डोंगराळ, निर्जन, वळणावळणाची. प्रभूच्या श्रोत्यांना तो रस्ता माहीत होता. अंधेरीला नोकरी करणाऱ्याला वर्सोव्याचा पूल माहीत असतो तसा. त्यांनी तो दाखला ‘आपल्या रस्त्याची गोष्ट’ म्हणून ऐकला असणार.

याजकाने आणि लेव्याने त्या जखमी माणसाला पाहिले, हे संत लूक स्पष्ट सांगतात. दोघेही पाहून बाजूने निघून गेले. ते घाबरले असतील, लुटारू आसपासच असतील असे त्यांना वाटले असेल. समजा, थांबण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. पण पुढच्या वस्तीत पोहोचल्यावर तरी त्यांनी कोणाला सांगितले का? ‘अमुक वळणावर एक माणूस अर्धमेला पडला आहे, चार जण मिळून जा’ एवढे? दाखल्यात तसे काही नाही. मला वाटते, न थांबण्याइतकाच हा दोष जड आहे, आणि आपण तो रोज करतो, कारण त्याला दोष म्हणायची आपल्याला सवय नाही. थांबणे प्रत्येकाला शक्य नसते. महामार्गाच्या मधल्या लेनमधून बसचा चालक चाळीस प्रवासी घेऊन थांबू शकत नाही. सांगणे मात्र जवळजवळ प्रत्येकाला शक्य असते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात हाच दाखला संपर्कमाध्यमांना लावून दाखवला होता. संपर्क साधणारा माणूस हा शोमरोन्यासारखा शेजारी व्हायला हवा, डिजिटल महामार्गावरून नुसते येणे-जाणे पुरेसे नाही, असा त्यांचा आशय होता. त्याही आधी, जून २००७ मध्ये, व्हॅटिकनच्या प्रवासी व स्थलांतरितांच्या सेवेसाठी असलेल्या परिषदेने रस्त्यांविषयी एक मार्गदर्शिका काढली आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची थोडी गंमत केली. पण त्यात म्हटले होते की रस्ता हे माणसांना एकमेकांशी जोडणारे साधन व्हावे. कोंडीत अडकलेल्या आठशे गाड्यांमध्ये आठशे एकटी माणसे बसलेली असतात. काच वर, हॉर्नवर हात. त्यांच्यामध्ये एखादा खरा शब्द फिरला तर रस्ता लगेच सुटत नाही, पण ती माणसे एकटी राहत नाहीत.

शब्द खरा हवा, आणि इथे मला थोडे तत्त्वज्ञानात शिरावे लागेल. सेमिनरीत आम्हाला अक्वायनसबरोबर भारतीय दर्शनेही शिकवली जातात. न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याची चार साधने सांगितली आहेत. त्यांपैकी एक ‘शब्द’, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. अशा विश्वासू माणसाला ‘आप्त’ म्हणतात. आपण मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी मात्र आप्ताची ओळख वेगळी सांगितली आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि ती जशी दिसली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते म्हणतात की ही ओळख ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे लेखन आहे. खरेपणाला जात नाही, कूळ नाही, शिक्षण नाही. मनोरकडून आलेला राजस्थानी ट्रकचालक, ज्याला आपली भाषाही नीट येत नाही, तो मेंढवणच्या खिंडीत स्वतः पाहिलेला अपघात सांगत असेल तर तो आप्त आहे. माझा सख्खा भाऊ घरी सोफ्यावर बसून कुठून तरी आलेला मेसेज पुढे ढकलत असेल तर त्या बाबतीत तो आप्त नव्हे. प्रभूनेही त्या दाखल्यात परका शोमरोनीच शेजारी ठरवला होता.

“आता नकाशा सगळे दाखवतो की,” असे तरुण म्हणतात. गूगलचा नकाशा उपयोगी आहे, मी स्वतः तो वापरतो. पण तो काय करतो हे समजून घ्यावे. रस्त्यावरच्या हजारो फोनांची जागा आणि वेग त्याला कळतो, त्यावरून तो ठरवतो की इथे वाहतूक मंद आहे, आणि रेघ लाल करतो. न्यायदर्शनाच्या भाषेत हे ‘अनुमान’ झाले. धूर दिसला, म्हणून अग्नी असावा. २०२० मध्ये बर्लिन शहरात एका कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत घालून ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली, आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. नकाशा खोटे बोलला नाही, त्याचे अनुमान चुकले. शिवाय लाल रेघ ‘का’ ते सांगत नाही. समोर लग्नाची वरात आहे, अंत्ययात्रा आहे, की कोणी गाडीखाली सापडले आहे, हे तिच्या रंगावरून कळत नाही. पाहिलेल्याला सांगावे लागते, आणि सांगण्याची जबाबदारी तो यंत्रावर सोपवू शकत नाही. साक्ष माणूसच देऊ शकतो.

‘साक्ष’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आठवी आज्ञा आपण बालपणी ‘खोटे बोलू नको’ अशी सोपी करून शिकतो, पण तिचे मूळ शब्द शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीविषयी आहेत. रस्त्याची खबर ही साक्ष आहे. तिच्या भरवशावर कोणी तरी गाडी वळवणार आहे, कोणी रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात नेणार आहे, कोणी परीक्षेला निघालेल्या मुलीला लोकलने पाठवणार आहे. म्हणून ‘मी पाहिले, इथे पाहिले, इतक्या वाजता पाहिले’ या तीन गोष्टी तीत हव्यात. सकाळी सातचा मेसेज दहा वाजता फिरत असतो आणि तोवर रस्ता मोकळा झालेला असतो; तेव्हा त्या खऱ्या मेसेजचा खोटा झालेला असतो. वेळ लिहिली असती तर वाचणाऱ्याला कळले असते.

आणि जे स्वतः पाहिले नाही ते? ‘आलेला मेसेज जसाच्या तसा पाठवत आहे’ असे लिहिले की आपण हात झटकून मोकळे झालो असे अनेकांना वाटते. हे फार धोक्याचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. तशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होत्या. त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरीही १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, टाळेबंदीत आडवाटेने सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. चोर फिरत आहेत अशी अफवा त्या भागात पसरली होती. तेही वाटसरूच होते. पुढे काय आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते, आणि त्यांच्याविषयी खोटे सांगणारे पुष्कळ होते. मेसेज पुढे ढकलणाऱ्या कोणाच्या हातात काठी नसेलही. पण शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीला अशी लांब साखळी असते आणि तिच्या प्रत्येक कडीला मी जबाबदार नाही असे वाटत असते.

इतका विचार पटला तरी काही अवघड प्रसंग उरतात, आणि ते मला चालक मंडळींनीच विचारले आहेत.

नाकाबंदीची खबर द्यावी का? रांग लागली आहे, उशीर होईल, एवढे सांगण्यात काही गैर नाही. पण शनिवारी रात्री अमुक नाक्यावर दारूची तपासणी चालू आहे, दुसऱ्या रस्त्याने या, असा मेसेज मात्र टाकू नये. अशा मेसेजने ज्याची सोय होते तो कोण, हे पाहा. आपला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोष देतो. त्याला वाट काढून देणारा त्या दोषाला हातभार लावतो. ‘मी फक्त माहिती दिली’ ही सबब इथे चालणार नाही, कारण ती माहिती कशासाठी वापरली जाणार हे देणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आडवाटेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा निकाल माझ्याजवळ पूर्ण नाही. अंबाडी रोड तुंबला की कोणी तरी लिहितो, “गावातून घ्या.” वाचणाऱ्यांपैकी साठ जण ते ऐकतात. मग आपल्या आळीतून, जिथे एक बैलगाडी जाईल एवढीच रुंदी आहे, मोटारींची रांग लागते. सायकलवरून धर्मशिक्षणाला जाणारी मुले, सहाच्या मिस्साला चालत निघालेल्या म्हाताऱ्या आया, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाया कुंपणाला चिकटून उभ्या राहतात. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक जण फक्त स्वतःसाठी जवळचा रस्ता निवडू लागला तर नवीन रस्ता जोडल्यानेही सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. गणित मला फारसे कळत नाही, पण आळीतले दृश्य कळते. मागून येणारा माझा शेजारी आहे तसाच त्या आळीत राहणाराही आहे, आणि त्याच्या हातात मोबाईल असेलच असे नाही. म्हणून माझे मत असे की, कुठे अडले आहे ते सांगावे, थोडे उशिरा निघा किंवा लोकलने या असे सांगावे. लहान गावरस्त्याचे नाव सगळ्यांना देताना दोनदा विचार करावा. पावसात तर गास-सनसिटी रस्त्यासारखा रस्ता पाण्याखाली असतो. तो मोकळा आहे असे, स्वतः त्यावरून आल्याशिवाय, कोणी लिहू नये. रुग्ण घेऊन निघालेल्याची गोष्ट वेगळी. त्याला आळीनेही वाट द्यावी.

अपघाताचे फोटो हा तिसरा प्रसंग. खबरेला फोटोची गरज असते ती क्वचित, आणि जखमी किंवा मृत माणसाच्या चेहऱ्याची तर कधीच नसते. त्या माणसाच्या आईला आपला मुलगा गेल्याचे असे कळावे का? आधी १०८ ला फोन, मग जमेल ती मदत, मग दोन ओळींचा मेसेज, असा क्रम असावा. पोलिसांच्या भीतीने लोक मदत टाळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा ती भीती आता सोडावी.

गाडी चालवताना हातात फोन घेऊन टाइप करू नये, हे वेगळे सांगायला नको असे वाटते, पण सांगतो. मागच्याचे भले करताना पुढच्याला उडवले तर ते कसले भले! शेजारी बसलेल्याने लिहावे. एकटे असाल तर पेट्रोल पंपावर किंवा मुक्कामी पोहोचल्यावर लिहावे. उशीर होईल, पण वेळ नोंदवलेली असेल तर तीही खबर उपयोगी पडते.

या सगळ्यात मला एक शंका सतावते. आपण एकमेकांना खबर देऊ, वाटा बदलू, लवकर उठू, आणि रस्ता मात्र तसाच राहील. २०२४ मध्ये महामार्गावर काँक्रीटचा थर टाकण्याचे काम चालू असताना झालेले हाल आपण भोगले आहेत. २०२५ च्या जुलै अखेरीस पालघरहून मुंबईकडे नेली जाणारी एक जखमी महिला याच रस्त्यावरच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकल्याने वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोहोचू शकली नाही आणि दगावली. पुढे सप्टेंबरमध्ये एका लहान बालकाच्या बाबतीतही तसेच घडले. मेसेज आले असते तर ते वाचले असते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. निदान त्या दिवशी ज्यांना घरी थांबता आले असते त्यांच्या गाड्या त्या रांगेत नसत्या, एवढेच. धर्मादाय कृत्य न्यायाची जागा घेऊ शकत नाही. मार्टिन लूथर किंग यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात म्हटले होते की, रस्त्याच्या कडेला पडलेल्याला उचलणे ही केवळ सुरुवात आहे. वाटसरू वारंवार लुटले जाणार नाहीत यासाठी यरीहोचा सगळा रस्ताच बदलावा लागेल. मला वाटते, आपली साक्ष इथेही कामी येईल. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, कशामुळे अडले, याच्या वर्षभराच्या नोंदी कोणी नीट उतरवून ठेवल्या तर तो निवेदनाला जोडण्याजोगा पुरावा होतो. ‘रस्ता खराब आहे’ या तक्रारीला अधिकारी सरावलेले असतात. ‘जून ते सप्टेंबरमध्ये या एका वळणावर एवीस वेळा’ असे आकडे समोर ठेवले की उत्तर द्यावे लागते. त्यासाठी वही सांभाळणारा एक चिकाटीचा माणूस हवा. निवृत्त शिक्षक असेल तर उत्तम.

एक विनंती राहिली. कोंडी झाल्याची खबर सगळे देतात, सुटल्याची कोणी देत नाही, कारण सुटल्यावर प्रत्येकाला घाई असते. त्यामुळे मोकळा झालेला रस्ताही मागचे लोक तासभर टाळत राहतात. ‘सुटले, वेळ ८.१५’ एवढे तरी टाकत जा.

येत्या रविवारी आठच्या मिस्सानंतर सभागृहात या कामासाठी थोडा वेळ बसणार आहोत. घोडबंदरच्या बाजूने रोज येणारे चौघे आहेत, विरार फाटा ते मनोर जाणारे दोघे आहेत. कामण-भिवंडी रस्त्याने नेहमी जाणारे अजून कोणी पुढे आलेले नाही. आपल्या घरात किंवा शेजारी, कोणत्याही धर्माचा, असा कोणी चालक असेल तर त्याला सोबत घेऊन यावे.

आपला धर्मगुरू